ग्रँड स्ट्रीटवरचे आजोबा रात्री काय पुटपुटतात? (यिडिश जाणणाऱ्यांनी कृपया मदत करा)

रानफूल | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. फार वर्षांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी न्यूयॉर्कमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. माझे बरेचसे पेशंट मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ग्रँड स्ट्रीटच्या पार पूर्वेच्या टोकाला राहतात. एम१४ए बस जिथे संपते तिथे विटांच्या उंच इमारती आहेत. शिवणकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी बांधलेल्या या सहकारी सोसायट्या, पहिली १९३० सालची, शेवटची १९६० ची. एकेकाळी इथे ज्यूंच्या घरोघरी यिडिश चालायची. आता माझ्या पेशंटांत ती अस्खलित बोलणारे मोजून तीन उरलेत, तिघंही नव्वदीपुढचे.

त्यातले एक आजोबा, वय ९४, मूळचे पोलंडचे, युद्धानंतर इथे आले. खुब्याचं ऑपरेशन झालंय. खुर्चीतून उठा-बसा, दहा वेळा, असा आमचा रोजचा पाठ. आयुष्यातली सत्तरहून जास्त वर्षं इंग्रजीत गेली, पण मोजतात यिडिशमध्ये: आय्न्स, त्स्वाय, द्रा, फिर, फिन्फ... मी मनात मराठीत मोजते. एकदा माझे ओठ हलताना पकडलं त्यांनी. तेव्हापासून देवाणघेवाण चालू आहे. ‘आठ’ त्यांना लगेच आलं, कारण त्यांचं ‘आख्त’. म्हणाले, हे दोघे एकाच गल्लीतले दिसतात.

आता मुद्दा. त्यांची मुलगी पासष्टीची, निवृत्त शिक्षिका. तिला यिडिश येत नाही. म्हणते, आईबाबा यिडिश बोलायचे ते मला कळू नये म्हणूनच. पैसे, आजारपण, कोणाचं लग्न मोडलं, सगळं यिडिशमध्ये. तिच्या वाट्याला आले ते खाण्याचे शब्द आणि ओरडा.

गेले दोन महिने आजोबा रात्री झोपेत एकच वाक्य म्हणतात. तिने ते इंग्रजी अक्षरांत एका पाकिटावर लिहून ठेवलंय. मी वाचलं ते असं:

“फरमाख दस फेन्स्तर, इन द्रोसन इझ काल्ट.”

मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात अजून काहीतरी. त्यातलं तिला ‘नु’ आणि ‘वारेम’ एवढंच ऐकू येतं. सकाळी विचारलं की आजोबा म्हणतात “गोर्निश्ट”, म्हणजे काही नाही. तिला भीती वाटते की हे युद्धातलं काही असणार. मी म्हटलं, आमच्या मंडळींत जगभरचे लोक आहेत, विचारून बघते.

आणि दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. इतकी जीव की प्राण भाषा, मग मुलांना का दिली नसेल?

---

चकलीचा_सोऱ्या | शनिवार, रात्री ११:०५

वाचतोय. बाकी ‘आठ’ आणि ‘आख्त’ एका गल्लीतले, हे झकास!

---

कडुलिंब | रविवार, सकाळी ६:५०

यिडिश म्हणजे हिब्रूच ना? इस्रायलची भाषा? मग इस्रायलमधल्या कोणालाही विचारता येईल.

---

अनवट | रविवार, सकाळी ८:१४

@कडुलिंब, नाही हो. लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे, एवढंच साम्य पटकन दिसतं. भाषेचा सांगाडा जर्मन घराण्याचा, त्यात हिब्रू-अरामी शब्द आणि पोलिश-युक्रेनियन वगैरे स्लाव भाषांची भर. पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरातली, बाजारातली भाषा. ते स्वतः तिला ‘मामे-लोश्न’ म्हणतात, मामे म्हणजे आई. हिब्रू ती ‘लोश्न-कोयदेश’, पवित्र भाषा, प्रार्थनेची. आपल्याकडे घरात मराठी आणि देवापुढे संस्कृत, तसं समजा.

त्यामुळे पहिल्या वाक्याला जर्मन येणारा माणूसही पुरेल: “खिडकी लाव, बाहेर थंडी आहे.” दुसऱ्या वाक्याचं काही सांगता येत नाही, तुकडे फार कमी आहेत.

---

सांजसकाळ | रविवार, सकाळी ८:३३

बाप रे. पोलंड, युद्ध, थंडी, खिडकी. वाचूनच काटा आला. त्या मुलीला सांगताना जपून सांग गं रानफूल.

---

सडेतोड | रविवार, सकाळी ९:०२

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आळस आणि न्यूनगंड. अमेरिकेत गेलं की सगळ्यांना साहेब व्हायचं असतं. आपल्या लोकांचं काय वेगळं चाललंय? न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जाऊन बघा, आजीशी नातू इंग्रजीत बोलतो आणि आई कौतुकाने बघते. भाषा मारत कोणी नाही, आपणच तिला उपाशी ठेवतो.

---

हडसनकाठ | रविवार, सकाळी ९:२०

झालं, सडेतोड आले. आता धागा दोनशेवर जाणार. (आमच्या घरचा नातू आजीशी मराठीतच भांडतो, नोंद घ्यावी.)

---

अनवट | रविवार, दुपारी १२:४८

@सडेतोड, एवढं सोपं नाही ते. जरा सविस्तर लिहितो.

१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले. त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येचं पहिलं घर म्हणजे हा लोअर ईस्ट साइड. खुराड्यासारख्या खोल्या, त्यातच शिवणयंत्रं. पण भाषेचा रुबाब बघा. ‘फोरवर्ट्स’ हे यिडिश दैनिक १८९७ साली निघालं आणि १९१२ मध्ये त्यांनी ईस्ट ब्रॉडवेवर दहा मजली इमारत बांधली. दर्शनी भागावर मार्क्स आणि एंगल्सची शिल्पं! अजून आहेत. आत आता महागडे फ्लॅट आहेत, तो भाग वेगळा.

२२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियन कॉलेजच्या सभागृहात शिवणकामगारांची सभा भरली होती. पुढारी तासन्‌तास बोलत होते. क्लारा लेमलिक नावाची विशीतली पोरगी उठली आणि यिडिशमध्ये म्हणाली, भाषणं पुरे, आता संप करा. सगळ्या सभेने यिडिशमध्ये शपथ घेतली. त्या संपाला वीस हजारांचा उठाव म्हणतात, कामावरून उतरलेल्यांत बहुतेक मुलीच होत्या. दीड वर्षात ट्रँगल नावाच्या शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली, १४६ जणी आणि जण गेले. रानफूलच्या त्या सोसायट्या ज्यांनी बांधल्या त्या संघटना या सगळ्या धगीतून मोठ्या झाल्या.

म्हणजे ही भाषा न्यूनगंडाची नव्हती, चांगली तोंडाळ होती. मग झालं काय? १९२४ च्या कायद्याने नवी माणसं येणं जवळपास बंद झालं. मुलं सरकारी शाळेत इंग्रजी शिकली, उपनगरांत गेली. आणि तिकडे युरोपात ज्या गावांतून ही भाषा येत होती ती गावंच संपवली गेली. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात एक कोटीहून जास्त लोक यिडिश बोलायचे. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्यांची भाषा यिडिश होती. उरली होती त्यातली सोव्हिएत रशियात १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री संपवली, एका रात्रीत तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यात यिडिशचे नामवंत कवी-लेखक होते.

याला आळस म्हणायचं?

---

सडेतोड | रविवार, दुपारी १:१५

युरोपाचं मान्य. माझा शब्द मागे घेतो, तिथल्यापुरता. पण रानफूलच्या आजोबांची मुलगी न्यूयॉर्कमध्ये वाढली. तिच्याशी यिडिश बोलायला कोणी अडवलं होतं का?

---

हडसनकाठ | रविवार, दुपारी २:४०

अनवट यांच्या ‘फोरवर्ट्स’वरून एक अवांतर. त्यात १९०६ पासून ‘बिंटल ब्रीफ’ नावाचं सदर यायचं. म्हणजे पत्रांचं बोचकं. वाचक विचारणार: नवरा सोडून गेला काय करू, मुलगा धर्म मानत नाही काय करू, गावाकडची मंगेतर इथे आली आणि आता आवडत नाही काय करू. आणि संपादक सल्ला देणार.

मंडळी, हे आपलं ‘सल्ला हवा आहे’ सदरच झालं की! फक्त “काडीमोड घे ताई” म्हणणारे सडेतोड तिथे नव्हते.

---

सडेतोड | रविवार, दुपारी २:४४

@हडसनकाठ, मी असं एकदाच म्हटलं होतं आणि तिने घेतलाही, सुखी आहे.

---

सोलापुरी_चादर | रविवार, दुपारी ४:०९

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आमच्या घरी अगदी हेच होतं. आईबाबांची घरातली भाषा तेलुगू, आम्हा पोरांशी मराठी. पैशांचं, भांडणाचं, कोणाच्या दुखण्याचं काही असलं की गाडी तेलुगूवर. त्यामुळे मला आज तेलुगू येते ती फक्त वाईट बातमीची. ‘कर्ज’ येतं, ‘दवाखाना’ येतं, ‘ती सून तशीच’ येतं. ‘फूल’ येत नाही.

भाषा मुलांपासून दडवायला वापरली की ती मुलांना अशीच तुकड्यांनी मिळते. त्या शिक्षिकेचं दुःख मला नीट कळलं.

---

सांजसकाळ | रविवार, दुपारी ४:२१

@सोलापुरी_चादर, ‘फूल येत नाही’ वाचून गप्पच झाले.

---

चकलीचा_सोऱ्या | रविवार, दुपारी ४:३०

आमच्याकडे गुप्त भाषा म्हणजे ‘च’ची भाषा. आई आणि मावशी सपाट्याने बोलायच्या. आम्ही तिसरीत असताना फोडली. फोडल्याचं कळू दिलं नाही, पाचवीपर्यंत वाढदिवसाला काय मिळणार ते सगळं आधी कळायचं.

---

पुलापलीकडचा | रविवार, संध्याकाळी ७:५५

जरा थांबा. सगळे यिडिशचा दहावा-बारावा घालताय. रानफूल, त्या आजोबांच्या खिडकीतून विल्यम्सबर्ग ब्रिज दिसत असेल. मी त्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो, ब्रुकलीनमध्ये. इथे यिडिश अगदी पोराटोरांची भाषा आहे. सातमार वगैरे हसीदी, म्हणजे कडक धार्मिक ज्यू पंथांचे लोक घरात, दुकानात, शाळेत यिडिशच बोलतात. शाळेच्या पिवळ्या बसवर यिडिश, भिंतीवरच्या पत्रकांवर यिडिश, सरकारी आरोग्याच्या सूचनासुद्धा यिडिशमध्ये चिकटवलेल्या असतात. माझ्या खालच्या मजल्यावरचा पाच वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला की यिडिशमध्ये बोंबलतो. भाषा जिवंत असल्याचा याहून मोठा दाखला काय हवा?

गंमत म्हणजे हा पूल १९०३ ला खुला झाला तेव्हा लोअर ईस्ट साइडचे ज्यू त्यावरूनच इकडे राहायला आले. तेव्हा पेपरवाले त्याला ज्यूंचा हमरस्ता म्हणायचे.

---

रानफूल | रविवार, रात्री ९:३०

किती प्रतिसाद! सगळ्यांना एकेक करून उत्तर देते.

@पुलापलीकडचा, हो, पूल दिसतो. तुमचंच म्हणणं मी एकदा आजोबांना सांगितलं. त्यांनी वॉकरवरचा हात सोडून हवेत उडवला (मी ओरडले). म्हणाले, “ते बोलतात. छान बोलतात. पण माझं वर्तमानपत्र त्यांच्या दाराच्या आत जाणार नाही.” आजोबा पक्के समाजवादी, देवळात वर्षातून एकदा, तेही बायको होती तोवर. त्यांची यिडिश म्हणजे नाटकं, कविता, युनियनची भाषणं. पलीकडची यिडिश म्हणजे धर्म आणि संसार. नाव एक, घरं दोन.

@सडेतोड, मुलीलाच विचारलं आज. ती म्हणाली, लहानपणी बाबा शाळेत न्यायला यायचे आणि यिडिशमध्ये हाक मारायचे तेव्हा मी न ऐकल्यासारखं करायची. मग त्यांनी इंग्रजीत हाक मारायला सुरुवात केली. म्हणजे त्यांनी दिली नाही हे जितकं खरं, तितकंच हिने घेतली नाही हेही. हे सांगताना ती आजोबांचे मोजे घड्या घालत होती, त्याच त्याच जोडीची चार वेळा घडी घातली.

@चकलीचा_सोऱ्या, ‘च’च्या भाषेचं आजोबांना सांगणार आहे.

---

उडदामाजी | सोमवार, सकाळी ७:१०

मी दोन वर्षं यिडिशचे वर्ग केलेत (का ते विचारू नका, लॉकडाऊन होता). एक गोष्ट खटकली. रानफूल, तू आकडे ‘आय्न्स, त्स्वाय, द्रा’ लिहिलेस. आम्हाला शिकवलं ते ‘एय्न्स, त्स्वेय, द्राय’. तू ऐकलंस ते चूक नाही, ती पोलंडकडची बोली आहे. वर्गात शिकवतात ती प्रमाण यिडिश, तिचे उच्चार बरेचसे लिथुआनियाकडचे.

हा फरक साधासुधा नाही हं. लिथुआनियाकडचा तो ‘लिटवाक’. पोलंडचा माणूस पावाला ‘ब्रोयट’ म्हणेल तर लिटवाक ‘ब्रेयट’. लिटवाकाचं ‘कुगल’ ते पोलंडवाल्याचं ‘किगल’ (शेवयांचं किंवा बटाट्याचं भाजून केलेलं एक प्रकरण). आणि माशांचे गोळे, गेफिल्टे फिश, पोलंडकडे गोड, लिटवाकांकडे मिरपूड घालून. यावरून लग्नं मोडली नसतील, पण सासवा रुसल्या असणार. २०२१ मध्ये ड्युओलिंगो ॲपवर यिडिश आली तेव्हा उच्चार हसीदी लोकांचे घेतले म्हणून वर्गातल्यांची कुरकुर झाली होती.

दुसऱ्या वाक्यासाठी पूर्ण शब्द हवेत. रेकॉर्ड करून पाठवता येईल का?

---

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, सकाळी ७:४८

म्हंजे तिकडंही पुणेरी अन् वऱ्हाडी हायेच! कोनी सांगून रायलं शुद्ध, कोनी अशुद्ध. आजोबा आपलेच निंघाले बाप्पा.

---

सांजसकाळ | सोमवार, सकाळी ९:१२

झोपेत बोलणाऱ्या ९४ वर्षांच्या माणसाचं रेकॉर्डिंग करायचं? त्यांना न विचारता? आणि परक्या फोरमवर? मला नाही पटत.

---

उडदामाजी | सोमवार, सकाळी ९:२६

@सांजसकाळ, बरोबर आहे तुझं. विचार न करता लिहून गेलो. रेकॉर्ड नको. मुलीनेच कागदावर लिहून घेतलं तर?

---

लोदकरीण | सोमवार, दुपारी १:३०

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचनमात्र. मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, इस्रायलमधल्या लोद शहरात वाढले. आजी ठाण्याची, साठच्या दशकात इकडे आली.

@कडुलिंब यांनी विचारलंत की इस्रायलमध्ये विचारा. इथे यिडिशची गोष्ट वेगळी झाली. इथल्या पुढाऱ्यांना हिब्रू उभी करायची होती, त्यांच्या लेखी यिडिश म्हणजे परदेशातल्या लाचारीची भाषा. राज्य स्थापन व्हायच्याही आधी तेल अवीवमध्ये ‘हिब्रू माणसा, हिब्रू बोल’ अशी घोषणा होती आणि यिडिश बोलणाऱ्यांना रस्त्यात टोकायचे. पुढे १९९६ मध्ये संसदेने यिडिश संस्कृतीसाठी कायदा केला, पण तोवर बोलणारे म्हातारे झाले होते.

एक जुना विनोद इथे सगळ्यांना माहीत आहे. बसमध्ये एक आई मुलाशी यिडिशमध्ये बोलतेय, मुलगा हिब्रूत उत्तर देतोय, आई प्रत्येक वेळी म्हणतेय, यिडिश बोल. शेजारीण विचारते, अहो, बोलू दे की हिब्रू! आई म्हणते, छे, आपण ज्यू आहोत हे विसरला तर?

आम्हाला हा विनोद वेगळा लागतो. आजीला आल्या आल्या कोणीतरी विचारलं होतं, यिडिश येत नाही? मग तुम्ही कसल्या ज्यू? आजी मराठीत म्हणाली, “मग तुला मराठी कुठं येतं?” त्या बाईला अर्थातच कळलं नाही.

आमच्या शेजारी रोमानियाची एक विधवा आजी होती, ती यिडिश बोलायची. माझ्या आजीचं हिब्रू यथातथा, तिचंही तसंच. दोघी जिन्यात बसून मटार सोलायच्या. ती ताट पुढे करून म्हणायची “एस, एस”. आजी म्हणायची “खा, खा”. अर्थ एकच. वीस वर्षं त्यांचं एवढ्यावर भागलं.

---

रानफूल | सोमवार, दुपारी १:५२

@लोदकरीण, लिहीत जा गं. वाचनमात्र राहू नकोस.

---

अनवट | सोमवार, दुपारी २:३७

@लोदकरीण, सुंदर. एक विचारू? यिडिश हिब्रू लिपीत, पण बेने इस्रायल मराठी देवनागरीतच लिहीत आलेत ना? पुण्यात १८७४ ला छापलेली हग्गादा (वल्हांडण सणाची पोथी) पाहिली आहे चित्रांत, मराठी मजकूर देवनागरी आणि सणाची तयारी करणाऱ्या बायका चक्क साडीत.

---

लोदकरीण | सोमवार, संध्याकाळी ५:१८

हो, देवनागरीच. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’. शेजाऱ्यांचीच भाषा आणि लिपी. आमचं वेगळेपण मलिद्यात आणि कीर्तनात. एलियाहू हन्नावीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा होतो, त्या वेळी म्हातारी माणसं मराठी गाणी म्हणतात. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक आमच्या घरी यायचं, आजी भिंगातून वाचायची. माझ्या मुलीला मलिदा आवडतो. मराठी म्हणाल तर ‘खा’ येतं.

---

सडेतोड | सोमवार, संध्याकाळी ५:३०

गप्प बसतो.

---

हडसनकाठ | सोमवार, संध्याकाळी ५:३३

स्क्रीनशॉट घेतला.

---

उडदामाजी | सोमवार, रात्री ८:०५

वातावरण फार जड झालंय, म्हणून थोड्या यिडिश शिव्या. या भाषेत नुसतं “मर” म्हणत नाहीत, बेत आखून शाप देतात.

एक: कांद्यासारखा वाढ, डोकं जमिनीत आणि पाय वर!
दोन: तुझे सगळे दात पडोत, एक राहो, दातदुखीसाठी!

आणि कोणी डोकं खायला लागलं तर म्हणायचं “हाक मिर निश्ट किन चायनिक”, माझ्यापुढे किटली बडवू नकोस.

---

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री ८:१९

दातवाला तर लय भारी! आमच्या आजीच्या ‘मुडदा बशिवला तुझा’पेक्षा अभ्यास केलेला दिसते.

---

चकलीचा_सोऱ्या | सोमवार, रात्री ८:२२

सडेतोड, माझ्यापुढे किटली बडवू नका. (सराव करतोय.)

---

हडसनकाठ | मंगळवार, सकाळी १०:४१

अजून एक गोष्ट, यिडिश पुस्तकांची. १९८० मध्ये ॲरन लान्स्की नावाच्या तरुण विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की म्हातारी माणसं गेली की मुलं त्यांची यिडिश पुस्तकं कचऱ्यात टाकतात, कारण वाचता येत नाहीत. जाणकार म्हणत होते, जगात फार तर सत्तर हजार पुस्तकं उरली असतील. हा व्हॅन घेऊन दारोदार फिरला. दहा लाखांहून जास्त गोळा झाली. पण वेळ कशात जायचा माहितीये? आजी-आजोबा पुस्तकांचा खोका एकदम देत नसत. एकेक पुस्तक हातात ठेवायचे, ते कुठे घेतलं, कोणी वाचलं ते सांगायचे आणि वर जेवायला घालायचे. एका दिवसात सात घरं म्हणजे सात जेवणं.

रानफूल, तुझ्या आजोबांकडे पुस्तकं असतील तर मुलीच्या कानावर घालून ठेव.

---

रानफूल | बुधवार, रात्री ११:२०

मंडळी!!

@सांजसकाळचं ऐकलं, रेकॉर्डिंग नाही केलं. मुलगी दोन रात्री पेन्सिल घेऊन दाराबाहेर स्टुलावर बसली. काल पूर्ण मिळालं. पहिलं वाक्य आजोबा बारीक आवाजात म्हणतात, दुसरं स्वतःच्या आवाजात:

“फरमाख दस फेन्स्तर, इन द्रोसन इझ काल्ट.”
“नु, उन अझ इख वेल फरमाखन दस फेन्स्तर, वेट इन द्रोसन झान वारेम?”

---

उडदामाजी | बुधवार, रात्री ११:३१

थांब थांब थांब.

हा तर विनोद आहे! आम्हाला वर्गात पहिल्याच महिन्यात सांगितला होता. बायको नवऱ्याला म्हणते, “खिडकी लाव, बाहेर थंडी आहे.” नवरा म्हणतो, “बरं, आणि मी खिडकी लावली तर बाहेर ऊब येईल का?”

बारीक आवाज म्हणजे बायकोचा. युद्ध-बिद्ध काही नाही गं. आजोबा झोपेत जोक मारतायत, आणि दोन्ही पात्रं स्वतःच करतायत!

---

सांजसकाळ | बुधवार, रात्री ११:३४

मी एकटी बसून हसतेय आणि रडतेय.

---

पुलापलीकडचा | बुधवार, रात्री ११:५८

खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या बाबांना आत्ताच जिन्यात वाचून दाखवला. हसले नाहीत. म्हणाले, “हा ऐकलाय.” मग वर जाऊन बायकोला सांगताना ऐकलं.

---

रानफूल | शुक्रवार, रात्री ९:४०

शेवटचं अपडेट, मग पळते, उद्या सकाळी सातची पेशंट आहे.

मुलीला सांगितलं. ती काही बोलली नाही, पाकीट परत मागून घेतलं. मी तिला दुसरं वाक्य उडदामाजींच्या पद्धतीने, म्हणजे प्रमाण उच्चारात, इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं. काल रात्री आजोबांनी बारीक आवाजात “फरमाख दस फेन्स्तर” म्हटलं आणि हिने दारातून उत्तर दिलं. आधी शांतता. तिला वाटलं झोपले. मग अंधारातून आवाज आला, चांगला जागा, कडक:

“झाइन नाही. झान. मी लिटवाक वाटलो का तुला?”

आणि तिथून पुढे पाऊण तास शिकवणी. आज व्यायामाला आजोबा पेंगत होते, आठ उठा-बशांवर थांबले. मी म्हटलं दोन राहिल्या. म्हणाले, तुझ्या त्या मैत्रिणीने झोपू दिलं नाही.

मैत्रीण म्हणजे त्यांची मुलगी.

---

वऱ्हाडी_ठेचा | शुक्रवार, रात्री ९:५२

झान! झान! आपली बोली जिंकली!

---

सडेतोड | शुक्रवार, रात्री १०:०३

सगळं छान. पण खिडकी लावली का शेवटी?

---

रानफूल | शुक्रवार, रात्री १०:०७

@सडेतोड, उघडीच आहे. हीटर अख्ख्या बिल्डिंगचा, तो आपल्याला कमी करता येत नाही, हिवाळ्यात घरात बनियनवर बसावं लागतं.